शब्दांची सोयरीक

माणसाच्या वृत्तीचे वर्णन करताना इंग्रजीत कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी बसतो, या विषयावर मागील अंकात या सदरात जेमतेम अर्धे पान लिहिले होते. त्यावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी सांगलीतील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तासगावहून पहाटेच्या एस.टी.ने येऊन शिकलेला माझा एक विद्यार्थी आता पुढील शिक्षणासाठी परदेशी निघाला आहे. त्याचे शिफारसपत्र मी इंग्रजीत लिहिले, व्याकरण दोनदा तपासले आणि तिकडेच नोकरी करणाऱ्या भाचीला दाखवले. ती म्हणाली, "मावशी, व्याकरण ठीक आहे, पण असे कोणी लिहीत नाही." का लिहीत नाही, हे मात्र तिला सांगता आले नाही. त्यातील चार वाक्ये अशी : 'ही इज व्हेरी स्टबर्न अबाउट हिज स्टडीज.' 'ही इज हायली ऑनेस्ट.' 'ही हॅज ॲटिट्यूड टुवर्ड्स हिज वर्क.' 'ही इज व्हेरी शाय अँड रिस्पेक्ट्स एल्डर्स टू मच.' यांत काय बिघडले आहे?

उत्तर : भाचीला कारण सांगता आले नाही यात तिचा दोष नाही, कारण आपल्या भाषेतले असे कारण आपल्यालाही सांगता येत नाही. आपल्याला राग येतो, आनंद होतो आणि लाज वाटते. मजा येते, पण आनंद येत नाही. मराठी शिकणारा एखादा पाहुणा 'मला फार आनंद आला' असे म्हणाला, तर त्याचे म्हणणे पूर्ण कळते, त्याच्या वाक्यात व्याकरणाची चूक दाखवता येत नाही, आणि तरीही हा माणूस बाहेरचा आहे हे गणपती मंदिरासमोरच्या फुलवालीलाही तत्क्षणी समजते. तसेच अभिमान जाज्वल्य असतो, श्रद्धा गाढ असते, विरोध तीव्र असतो आणि आदर नितांत असतो. या विशेषणांची अदलाबदल करून 'जाज्वल्य आदर' किंवा 'नितांत विरोध' म्हणून पाहिले की कानाला खडा लागतो. भाषाशास्त्रात याला कोलोकेशन म्हणतात. मी वर्गात सोयरीक हा शब्द वापरत असे, कारण पत्रिका जुळूनही सोयरीक मोडते आणि न जुळताही जमते, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे.

शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, असे जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये लिहिले आणि ते वाक्य पुढे या विषयाचे बोधवाक्य होऊन बसले. हे फर्थ 1920 च्या दशकात लाहोरला, पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. आपल्या उपखंडातील मुलांच्या वह्या त्यांनी तपासल्या असतील, तेव्हा आपल्यासारखी वाक्ये त्यांच्या नजरेखालून गेलीच असतील, अशी मी माझी समजूत घालून घेतो.

आता आपली वाक्ये पाहू. पहिल्या वाक्यात आपल्याला 'जिद्दी' म्हणायचे होते. मराठीत जिद्द हा कौतुकाचा शब्द आहे. हिंदीत मात्र जिद्दी म्हणजे हट्टी, आणि आपण शब्दकोशात पाहताना बहुधा त्या वाटेने गेलात. 'स्टबर्न' हट्टाच्या कुळातला आहे. त्याचे शेजारी पाहावेत : कपड्यावरचा न निघणारा डाग स्टबर्न, समजावूनही न ऐकणारा नकार स्टबर्न, आणि उपमा द्यायची तर खेचराची. ज्याच्या आजूबाजूला डाग आणि खेचर आहेत तो शब्द शिफारसपत्रात नको. येथे 'डिटर्मिन्ड' हवा, परंतु त्याआधी 'व्हेरी' लावून थांबलो तर वाक्य बिनचूक आणि बेचव होते. त्याचे नेहमीचे सोबती तीन आहेत. 'फिअर्सली डिटर्मिन्ड' म्हणजे ज्याच्या जिद्दीची धग इतरांना जाणवते तो. 'ग्रिमली डिटर्मिन्ड' म्हणजे परिस्थिती उलटली असताना दात आवळून उभा राहिलेला. 'क्वायटली डिटर्मिन्ड' म्हणजे गाजावाजा न करता आपले काम पुरे करणारा. पहाटेची एस.टी. धरून दोन वर्षे शिकलेल्या आणि त्याविषयी अवाक्षर न काढणाऱ्या मुलासाठी तिसरा शब्द मला योग्य वाटतो. तिन्ही ठिकाणी जिद्द तेवढीच आहे, पण माणूस वेगळा दिसतो. 'व्हेरी' फक्त मात्रा सांगतो, सोबतीचा शब्द मात्र माणसाचा चेहरा दाखवतो, आणि या उत्तरातील मुख्य मुद्दा हाच आहे.

दुसऱ्या वाक्यातील 'हायली' हा चांगला कामाचा शब्द आहे, पण त्याचे दरवाजे ठरलेले आहेत. 'हायली स्किल्ड', 'हायली मोटिव्हेटेड', 'हायली रिस्पेक्टेड', 'हायली क्रिटिकल' हे सर्व चालते, पत्राच्या शेवटी 'हायली रेकमेंड' तर चालतेच चालते. प्रामाणिक, प्रेमळ, दुःखी, आनंदी या शब्दांपाशी मात्र तो सहसा जात नाही. यात नियम नाही, कल आहे : बाहेरून मोजता येणाऱ्या किंवा इतरांनी ठरवलेल्या गोष्टींकडे त्याचा ओढा आहे, अंतःकरणाच्या गोष्टींकडे नाही. प्रामाणिकपणाचे सोबती निराळे आहेत. तोंडावर कडू बोलणारा, ज्याला आपण फटकळ म्हणतो, त्याच्या खरेपणाला 'ब्रूटली ऑनेस्ट' म्हणतात, आणि तो पूर्णपणे कौतुकाचा शब्द नव्हे. पैशाअडक्यात काटेकोर असणारा 'स्क्रूप्युलसली ऑनेस्ट'. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ लहान टोकदार खडा असा आहे. चपलेत खडा गेल्यावर माणसाला पुढचे पाऊल सुखाने टाकता येत नाही, तसा ज्याला एका रुपयाचा घोळही टोचत राहतो तो हा माणूस. आपल्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, स्नेहसंमेलनाच्या जमाखर्चात उरलेले पैसे त्याने न मागता परत केले, असा उल्लेख आहे. तो उल्लेख या शब्दाच्या लगेच पुढे आणावा.

तिसऱ्या वाक्यात धोका आहे. 'ॲटिट्यूड' हा शब्द एकटा, आधी 'अ' किंवा 'ॲन' न लावता आणि विशेषण न देता आला, की इंग्रजीतही त्याचा अर्थ मग्रुरीकडे झुकतो. 'लई ॲटिट्यूड आहे त्याला' असे आपल्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावर जे म्हटले जाते, नेमके तेच आपण विद्यापीठाला कळवले आहे. हा शब्द विशेषणाशिवाय घराबाहेर पडू देऊ नये. 'पॉझिटिव्ह', 'मॅच्युअर', 'रिलॅक्स्ड' ही त्याची भली सोबत. 'कॅज्युअल' म्हटले की त्यात बेफिकिरी येते, 'कॅव्हेलिअर' म्हटले की बेपर्वाई आणि थोडा माजही येतो, तर 'डिसमिसिव्ह' म्हणजे समोरच्याचे बोलणे उडवून लावण्याची वृत्ती. 'ही हॅज अ मॅच्युअर ॲटिट्यूड टु हिज वर्क' असे लिहिले की झाले. येथे 'टु' आणि 'टुवर्ड्स' दोन्ही चालतात, त्यावर वेळ घालवू नये.

चौथ्या वाक्यातील 'टू मच' आपण 'खूप' या अर्थाने वापरला. इंग्रजीत त्याचा अर्थ 'नको इतका' असा होतो, म्हणजे हा मुलगा वडीलधाऱ्यांचा आदर करतो तो जरा आवरावा, अशी सूचना त्यातून निघते. लाजाळूपणाची इंग्रजीतील सर्वांत ओळखीची सोयरीक 'पेनफुली शाय' ही आहे, ज्यात पाहणाऱ्यालाही अवघडल्यासारखे होते. परंतु ती कथेत शोभेल, शिफारसपत्रात नव्हे. तेथे 'रिझर्व्ह्ड' म्हणावे आणि पुढे 'अनफेलिंगली करटिअस' जोडावे. 'अनफेलिंगली' हा शब्द सौजन्य, औदार्य, प्रसन्नता अशा गुणांपाशीच रमतो. कधीही न चुकणारे सौजन्य, असा त्याचा भाव आहे, आणि 'एल्डर्स' लिहिण्याची गरजही त्याने उरत नाही.

प्रश्न : सातारा येथे बँकेतून निवृत्त झाल्यावर मी वडिलांची रोजनिशी अमेरिकेतील नातवंडांसाठी इंग्रजीत उतरवत आहे. वडिलांच्या लेखनात आशा, अभिमान, अढी, डूख, अबोला, हट्ट यांच्यापुढे बहुतेक ठिकाणी 'धरणे' किंवा 'बाळगणे' येते. मी सर्वत्र 'कीप' वापरले आहे. नातीने कळवले की पणजोबा सारखे काहीतरी जपून ठेवत होते असे वाटते. मार्ग सुचवावा.

उत्तर : आपल्या नातीचा कान चांगला आहे. मराठीत 'बाळगणे' हे क्रियापद भल्याबुऱ्यात भेद करत नाही : आशा बाळगतो तसा आकसही बाळगतो, आणि 'धरणे' तर धीरापासून अबोल्यापर्यंत सर्व काही हाती धरते. इंग्रजीत मात्र मनात काय आहे त्यानुसार क्रियापद बदलते, आणि लिहिणाऱ्याला ते बरे वाटते की वाईट, हे वाचकाला क्रियापदावरूनच कळते.

संशय, आकस, कडवटपणा, कधी लपवलेली महत्त्वाकांक्षा किंवा खोटी आशा यांच्यासाठी 'हार्बर' आहे. फरारी माणसाला घरात आसरा देणे यालाही इंग्रजीत 'हार्बर' म्हणतात, आणि मनात संशय 'हार्बर' करणाऱ्याकडेही त्याच नजरेने पाहिले जाते : आत कोणीतरी लपवून ठेवले आहे. तक्रार किंवा झालेला अन्याय मनाशी घोळवत जोपासणे यासाठी 'नर्स'. आजाऱ्याची शुश्रूषा करावी तसा माणूस आपल्या तक्रारीला औषधपाणी करत राहतो आणि ती बरी होऊ देत नाही. अढी आणि डूख यांच्यासाठी 'बेअर अ ग्रज', म्हणजे ओझे वाहिल्याप्रमाणे वाहणे. डूख या शब्दातील साप मात्र इंग्रजीत येत नाही, त्याची हळहळ वाटली तरी तो तळटिपेत सोडून द्यावा. आशा, आठवण, ध्येय यांच्यासाठी 'चेरिश', ज्याचे मूळ 'प्रिय' या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. अभिमानासाठी 'टेक प्राइड इन'. मतासाठी 'होल्ड'.

हट्ट आणि अबोला यांना थेट सोयरीक मिळत नाही. आपण पाठवलेल्या उताऱ्यात थोरल्या काकूंनी दिवाळीत धरलेला अबोला संक्रांतीपर्यंत टिकल्याचे वर्णन आहे. त्यासाठी 'दे वेअर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स' असे म्हणावे. अबोल्यात जो एक मानी हक्क असतो, बोलणार नाही पण ताट वाढणारच, तो इंग्रजी वाक्यात उतरणार नाही. आपल्या वडिलांनी पुढच्याच ओळीत 'वहिनींनी न बोलता लाडू पाठवले' असे लिहिले आहे, त्यामुळे नातवंडांना ते लाडूंवरून कळेल. तेथे स्पष्टीकरण घालू नये, ही विनंती.

याच उताऱ्यात वृत्ती बदलत गेल्याचे दाखवणारी क्रियापदेही आहेत आणि तीही 'इन्क्रीज' व 'डिक्रीज' या दोन शब्दांत कोंबलेली दिसतात. मराठीत संशय बळावतो, आशा पल्लवित होतात आणि मावळतात, राग अनावर होतो आणि निवळतो, असंतोष धुमसतो. इंग्रजीचाही संसार असाच भरलेला आहे. असंतोषासाठी 'रिझेंटमेंट सिमर्स' म्हणतात. आपल्याकडे तो राखेखाली धुमसतो, त्यांच्याकडे मंद आचेवर पातेल्यात रटरटतो. उत्साह ओसरतो तेव्हा 'एन्थुझिॲझम वेन्स', आणि हेच 'वेन' कृष्णपक्षातील चंद्रकलेलाही लागते. आशा हळूहळू मावळल्या तर 'होप्स फेड', एका फटक्यात धुळीला मिळाल्या तर 'होप्स आर डॅश्ड'. सहनशीलता 'वेअर्स थिन', म्हणजे वापरून वापरून विरलेल्या धोतरासारखी पातळ होते. वाटणीच्या बोलण्यांत दोन्ही बाजू ताठर होत गेल्या असे जेथे आहे, तेथे 'ॲटिट्यूड्स हार्डन्ड' असे लिहावे. हे इंग्रजीत रुळलेले आहे आणि 'ताठर' या शब्दाच्या जवळचेही आहे.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर पत्रव्यवहार सांभाळतो. माल उशिरा उचलणाऱ्या परदेशी ग्राहकास 'अवर ओनर इज अँग्री ऑन यू' असे लिहिले. मालकांच्या मुलाने ते खोडून 'विथ' केले आणि हसला. आपण माझ्या'वर' रागावतो, मग 'ऑन' का नाही?

उत्तर : कारण राग आपल्याकडे माणसाच्या वर पडतो आणि त्यांच्याकडे तो माणसासोबत असतो, एवढेच. ही शब्दयोगी अव्यये म्हणजे सोयरिकीतील देण्याघेण्याचा भाग आहे. प्रत्येक घराची रीत वेगळी असते आणि ती विचारूनच घ्यावी लागते. कधी दोन्हीकडची रीत जुळते : आपल्याला मुलाचा अभिमान वाटतो आणि त्यांचेही 'प्राउड'च्या पुढे 'ऑफ' येते, म्हणून 'प्राउड ऑन' असे आपल्याकडून सहसा लिहिले जात नाही. जेथे मराठीत 'वर' आहे तेथे मात्र हात घसरतो. संशय एखाद्यावर असतो, पण इंग्रजीत 'सस्पिशस ऑफ'. टीका एखाद्यावर होते, पण 'क्रिटिकल ऑफ'. निष्ठा एखाद्यावर किंवा एखाद्याशी असते, पण 'लॉयल टु'. लग्न एखाद्याशी होते, म्हणून आपण 'मॅरिड विथ' लिहितो आणि तेथेही 'टु' हवा असतो. पूर्वग्रह 'अगेन्स्ट', उत्साह 'अबाउट', उदासीनता 'टु'. आवड 'कीन' असेल तर 'ऑन' आणि 'फाँड' असेल तर 'ऑफ'. विशेषण पाठ करताना त्याची शेपटीही पाठ करावी, म्हणजे नंतर शोधत बसावे लागत नाही.

परंतु आपल्या पत्रात 'विथ' घालून काम भागत नाही. व्यापारी पत्रात मालक रागावले आहेत असे कळवणे इंग्रजीत फार झाले. तेथे 'डिसअपॉइंटेड' हा शब्द चालतो, आणि मराठीतील 'नाराज' त्याच्याच जवळपास आहे. मात्र सोबत जपून निवडावी. 'बिटरली डिसअपॉइंटेड' मध्ये जिव्हारी लागलेले दुःख असते, ते परीक्षेत नापास झालेल्याला किंवा सामना हरलेल्याला शोभते. 'डीपली डिसअपॉइंटेड' गंभीर आहे, आणि पुढील पत्र वकिलाचे असेल अशी शंका त्यातून येऊ शकते. पोती पंधरा दिवस गोदामात पडली एवढ्यासाठी 'सम्व्हॉट डिसअपॉइंटेड' पुरे. थोडेसे नाराज असे म्हणत खरी नाराजी पोहोचवणे, ही इंग्रजी पत्रव्यवहारातील जुनी सवय आहे. समोरचा इंग्रज असेल तर त्याला नेमके कळते.

याच ओघात एक सांगतो. दर मान्य नसेल तर आपण 'साफ नकार दिला' म्हणतो. त्याचे इंग्रजी रूप 'फ्लॅटली रिफ्यूज्ड' असे जमते. पण 'फ्लॅटली' गेला की सौजन्य संपले. नकारही द्यायचा आणि पुढच्या हंगामात सौदाही करायचा, तर 'पोलाइटली डिक्लाइन्ड' म्हणावे. या जोड्या फोडू नयेत, कारण 'फ्लॅटली' ज्या सहजतेने 'रिफ्यूज'ला लागतो त्या सहजतेने 'डिक्लाइन'ला लागत नाही. नकाराचा अर्थ एकच असला तरी एकाने दार आपटले आहे आणि दुसऱ्याने ओढून घेतले आहे.

प्रश्न : आमच्या मिरजेत 'लई' हा एकच शब्द सगळीकडे पुरतो. लई हट्टी, लई गुणाचा, लई खवळला. इंग्रजीत त्याला 'व्हेरी' म्हणून भागणार नाही का?

उत्तर : पहिल्या दोन ठिकाणी भागेल. तिसऱ्या ठिकाणी अडेल, कारण खवळणे हेच टोक आहे आणि त्याला 'फ्युरिअस' म्हटले की इंग्रजी माणूस त्यापुढे 'व्हेरी' लावत नाही, 'ॲब्सोल्यूटली' लावतो. जो शब्द स्वतःच शिगोशिग भरला आहे त्यात 'व्हेरी' मावत नाही. 'अँग्री' मध्ये जागा आहे, 'फ्युरिअस' मध्ये नाही. बाकी 'लई'वर माझा स्वतःचा लोभ आहे.

प्रश्न : 'कट्टर' हा शब्द समर्थकालाही लागतो आणि विरोधकालाही. इंग्रजीत दोघांना एकच शब्द चालेल काय? आणि तो स्तुतीचा की निंदेचा? (कराड)

उत्तर : 'स्टाँच' हा शब्द दोघांना चालतो, 'स्टाँच सपोर्टर' आणि 'स्टाँच अपोनंट', आणि त्यात न डगमगण्याचे कौतुक असते. भक्तिभावाने भारलेल्या समर्थकाला 'आर्डंट' म्हणावे. धर्मनिष्ठ माणसाला 'डिव्हाउट'. हाडवैरी 'स्वॉर्न एनिमी', म्हणजे शपथेवर वैरी. निंदा करायची असेल तर 'रॅबिड' आहे, जो पिसाळलेल्या कुत्र्यालाही लागतो. एकाच माणसाला त्याचे मित्र 'स्टाँच' म्हणतील आणि विरोधक 'रॅबिड' म्हणतील. त्यावरून त्या माणसाविषयी थोडे आणि म्हणणाऱ्याविषयी पुष्कळ कळते.

काही शब्दांना संगतीचा असा रंग इतका चढतो की तो मग पुसता येत नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही आपली म्हण या प्रकरणात शब्दांना जशीच्या तशी लागू आहे. 'बेंट ऑन' याचा शब्दशः अर्थ एखाद्या गोष्टीकडे झुकलेला. पण सूड, नासधूस, भांडण यांच्याच शेजारी तो इतका वावरला की 'ही इज बेंट ऑन हेल्पिंग द पुअर' असे कोणी लिहिले तर वाचणाऱ्याला त्यात उपहास दिसतो. मराठीत 'घोर' असाच आहे : घोर निराशा, घोर अपमान, घोर संकट. 'घोर आनंद' म्हणता येत नाही. तपश्चर्या मात्र घोर असते, कारण ती करणाऱ्याचे हाल होतात हे आपण मान्य केले आहे.

या बाबतीत माझ्या पदरी एक फजिती आहे. तरुणपणी एका शाळेत असताना, निवृत्त होणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या निरोप समारंभात मी इंग्रजीतून भाषण केले आणि 'मुरलेले शिक्षक' या अर्थी त्यांना 'अ हार्डन्ड टीचर' म्हटले. मुरून घट्ट झालेले, असा माझा हिशेब. पाहुणे म्हणून आलेले गृहस्थ खाली मान घालून हसले. 'हार्डन्ड' हा शब्द प्रामुख्याने गुन्हेगाराला लागतो, ज्याच्या मनाला आता काही वाटेनासे झाले आहे अशाला. मला हवा होता तो शब्द 'सीझन्ड', जो उन्हापावसातून काढून कामाला तयार झालेल्या लाकडालाही लागतो आणि मसाल्याने चवीला आलेल्या पदार्थालाही. लोणच्याच्या बरणीतून आलेल्या आपल्या 'मुरलेल्या'ला एवढा जवळचा नातेवाईक इंग्रजीत असताना मी तुरुंगातून माणूस आणला. त्या सहकाऱ्यांनी मला शेवटपर्यंत 'हार्डन्ड'च म्हणून हाक मारली.

प्रश्न : हे सर्व पाठ कसे करावे? आमच्या विट्यात यासाठी शिकवणी नाही. कोणता कोश पाहावा आणि रोज किती जोड्या कराव्यात?

उत्तर : शिकवणीची गरज नाही. या विषयाचा पहिला मोठा संग्रहही इंग्लंडमध्ये नव्हे, तर टोकियोत झाला. तेथे इंग्रजीच्या अध्यापनासाठी स्थापन झालेल्या संस्थेत काम करताना हॅरल्ड पामर यांनी 1933 मध्ये अशा शब्दजोड्यांचा अहवाल काढला, कारण जपानी विद्यार्थ्यांची अडचण तीच होती जी आपली आहे : शब्द माहीत, शेजारी माहीत नाही. मातृभाषा म्हणून इंग्रजी बोलणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही.

आज विद्यार्थ्यांसाठी कोलोकेशनचे स्वतंत्र कोश मिळतात. साध्या कोशात शब्दाचा अर्थ असतो, या कोशात त्याचे गणगोत असते. पाहण्याची रीत मात्र उलटी आहे. आपण 'तीव्र'ला इंग्रजीत काय म्हणतात असे शोधतो आणि फसतो. आधी नाम किंवा मुख्य विशेषण पक्के करावे, 'विरोध' की 'नाराजी' की 'इच्छा', आणि मग त्या नावाखाली डावीकडे कोण उभे आहे ते पाहावे. विरोध असेल तर 'स्ट्राँग', 'फिअर्स', 'स्टिफ' सापडतील. रस असेल तर 'कीन' आणि वरवरचा असेल तर 'पासिंग'. आदर असेल तर 'डीप', आणि मनात नसताना द्यावा लागलेला असेल तर 'ग्रजिंग'. हा शेवटचा शब्द मला विशेष आवडतो. 'ग्रजिंग रिस्पेक्ट' म्हणजे तालमीत ज्याने आपल्याला चीतपट केले त्याच्याविषयी घरी आल्यावर वाटणारा आदर. मराठीत त्याला एक शब्द नाही आणि अनुभव मात्र भरपूर आहे.

ज्यांच्याकडे इंटरनेट आहे त्यांनी ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा शब्दसंग्रह पाहावा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुस्तके, वृत्तपत्रे, पत्रे आणि संभाषणे यांतून गोळा केलेले सुमारे 10 कोटी शब्द त्यात आहेत. आपण एखादा शब्द दिला की तो ज्या ज्या वाक्यांत आला ती वाक्ये एकाखाली एक, तो शब्द मध्यभागी धरून, समोर मांडली जातात. डावीकडचा रकाना सावकाश वाचत जावे. 'इन्डिफरंट' हा शब्द असा वाचला की त्याच्या डावीकडे 'कम्प्लीटली', 'टोटली' आणि 'सप्रीमली' भेटतात, उजवीकडे 'टु' भेटतो, आणि मधूनच 'सामान्य प्रतीचे जेवण' अशा अर्थाचेही एखादे वाक्य आडवे येते, कारण या शब्दाला सुमार असाही अर्थ आहे. ते वाक्य सध्या बाजूला ठेवावे.

रोज किती, असे आपण विचारले आहे. तीन पुरेत, परंतु यादी करून नव्हे. दोनशे पानी वही घ्यावी, एका पानावर एकच वृत्ती लिहावी, आणि प्रत्येक जोडीसमोर आपल्या ओळखीच्या एका माणसाचे नाव लिहावे. 'पेनफुली शाय'समोर वर्गातील मागच्या बाकावरची मुलगी, 'फिअर्सली इंडिपेंडंट'समोर ऐंशीव्या वर्षी विहिरीवरून पाणी आणणारी आजी, 'ब्रूटली ऑनेस्ट'समोर ज्यांचे नाव लिहाल ते लिहाल. फक्त ती वही घरात उघडी टाकू नये.